विश्लेषण : रेसिंग कारची इंधन टाकी हलकी कशी होणार? कार्बन फायबरने की नेमक्या मापाने?

नाशिकच्या अभियांत्रिकी कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी विद्यार्थ्यांचे संघ रेसिंग कार बांधतात. दिवसा लेक्चर, रात्री चासी. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत लेसर कटिंग करून घ्यायचे, कुणाच्या तरी ओळखीने बेंडिंग उरकायचे आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यापर्यंत वेल्डिंग चालू ठेवायचे, हा ठरलेला क्रम. या धावपळीत एक प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो : पेट्रोलची टाकी कशाची बनवायची? एखादा उत्साही विद्यार्थी म्हणतो, ‘कार्बन फायबरची करू, वजन वाचेल आणि परीक्षकही खूश होतील.’ या उत्तरात चूक काय आहे, ते आकड्यांतून पाहू.

हा प्रश्न टाकीपुरताच का महत्त्वाचा?

विद्यार्थ्यांच्या दोन मोठ्या स्पर्धा आपल्याकडे परिचित आहेत. ‘बाहा’ ही खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांची. तिथे इंजिन ठरलेले आणि इंधनाची टाकीही मान्यताप्राप्तच बसवावी लागते. विद्यार्थ्याला त्यात हात घालायला वाव नसतो. दुसरी ‘फॉर्म्युला’ प्रकारातली. कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेली सुप्रा ही त्याची उदाहरणे. इथे टाकी संघानेच बनवायची असते. टाकीच्या भिंतीची जाडी किती, धातू कोणता, हे नियम सांगत नाहीत. टाकी चासीच्या चौकटीच्या आत असावी, चासीचा भार तिच्यावर येऊ नये, तिचे माउंटिंग थोडे लवचीक असावे, ड्रायव्हर आणि इंधन यांच्यामध्ये फायरवॉल असावी, एवढ्या गोष्टी नियमांनी बांधल्या आहेत. बाकी निर्णय विशीतल्या मुलांचा.

आणि टाकी असते कुठे? ड्रायव्हरच्या पाठीमागे, इंजिनाच्या पुढे. म्हणजे एका बाजूला माणसाचा कणा, दुसऱ्या बाजूला तापलेला सायलेन्सरचा पाइप. गाडीतून पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे, असा नियम आहे. तो उगाच नाही. म्हणून टाकीसाठी काय वापरायचे, हा निर्णय बॉडी पॅनेलच्या निर्णयासारखा घेता येत नाही. पॅनेल फुटले तर चिकटपट्टी लावून गाडी धावते. टाकी फुटली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

वजनाचा हिशेब काय सांगतो?

एक साधी चौकोनी टाकी घेऊ : ३० सेंमी लांब, २० सेंमी रुंद, १० सेंमी उंच. तिच्यात ६ लिटर पेट्रोल मावते. सहाही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ २,२०० चौरस सेंमी होते. आता फक्त पत्र्याची जाडी आणि घनता यांचा गुणाकार करायचा.

माइल्ड स्टील, १ मिमी : सुमारे १.७ किलो.

स्टेनलेस स्टील, ०.८ मिमी : सुमारे १.४ किलो.

ॲल्युमिनियम, २ मिमी : सुमारे १.२ किलो.

ॲल्युमिनियम, १.५ मिमी : सुमारे ९०० ग्रॅम.

एचडीपीई प्लास्टिक, ४ मिमी : सुमारे ८४० ग्रॅम.

कार्बन फायबर, १ मिमी : सुमारे ३५० ग्रॅम.

कागदावर कार्बन फायबर जिंकते, यात शंका नाही. ॲल्युमिनियमच्या तुलनेत ते साधारण ५५० ग्रॅम वाचवते. पण हे ५५० ग्रॅम कशाच्या तुलनेत? गाडी २३० किलोची आणि ड्रायव्हर ७० किलोचा धरला तर एकूण ३०० किलो. त्यातले ५५० ग्रॅम म्हणजे ०.२ टक्क्यांहूनही कमी. ड्रायव्हरने शर्यतीच्या सकाळी मिसळ-पाव आणि वर ताकाचा ग्लास घेतला, तर बचत तिथेच संपली.

मग वजन खरोखर कुठे वाचते?

टाकी हलकी करायची तर आधी टाकीत काय आहे ते पाहावे लागेल. पेट्रोलची घनता लिटरला साधारण ७४० ग्रॅम. ६ लिटर पेट्रोलचे वजन जवळपास साडेचार किलो. रिकाम्या ॲल्युमिनियमच्या टाकीच्या पाचपट! आणि इथेच नियमातली एक बारीक गोष्ट कामाची आहे. सहनशक्तीची मुख्य शर्यत, म्हणजे एन्ड्युरन्स, सुमारे २२ किलोमीटरची असते. तिच्याआधी टाकी ठरलेल्या खुणेपर्यंत पूर्ण भरली जाते आणि शर्यत संपल्यावर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरून किती इंधन लागले ते मोजतात. म्हणजे टाकी मोठी बनवली तर जास्तीचे पेट्रोल सोबत वाहणे भागच आहे. ‘अर्धीच भरू’ असे म्हणता येत नाही.

आपल्याकडचे अनेक संघ केटीएम ३९० मोटारसायकलचे ३७३ सीसीचे इंजिन वापरतात. ही गाडी चाकणला बनते, सुटे भाग सहज मिळतात. असे इंजिन या शर्यतीत साधारण ३ ते ४ लिटर पेट्रोल पिते. तरीही ६ लिटरची टाकी का? कारण संघाने गाडी पुरेशी चालवून पाहिलेली नसते. सराव झाला नाही, मोजमाप नाही, म्हणून ‘असू दे दोन लिटर जास्त’.

समजा, संघाने नीट मोजून साडेचार लिटरची टाकी बनवली. २५ बाय १८ बाय १० सेंमी. १.५ मिमी ॲल्युमिनियममध्ये ती ७१० ग्रॅमची होते. टाकीत १८० ग्रॅम वाचले आणि दीड लिटर पेट्रोलचे १.१ किलो वाचले. एकूण सुमारे १.३ किलो. कार्बन फायबरच्या बचतीच्या दुपटीहून जास्त, आणि तेही साध्या पत्र्यात. याला लागले काय? चार-पाच दिवसांचा सराव आणि एक मोजपात्र.

हेच माझे मुख्य म्हणणे आहे. कोणता पदार्थ वापरावा, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, किती इंधन लागते हा. पहिल्याचे उत्तर न शोधता दुसऱ्याकडे जाणारा संघ वजन वाचवत नाही, नुसती हौस करतो.

इंधन टाकीतच असूनही इंजिन का अडखळते?

जास्तीच्या दोन लिटरमागे आणखी एक भीती असते. गाडी वळणावर जोरात वळली की पेट्रोल एका बाजूला चढते. टाकीत लिटरभर शिल्लक असले तरी पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि इंजिन खोकते. तांब्या तिरका केला की तळाच्या एका कोपऱ्यात पाणी जमते, तसेच. या गाड्या कलत्या टेबलावर ६० अंशांपर्यंत कलवून तपासतात. तो कोन म्हणजे वळणावर वजनाच्या १.७ पट बाजूचा जोर. त्या कोनात टाकीतले पेट्रोल कुठे जाईल, याचे चित्र वहीत काढून पाहिले तरी अर्धा प्रश्न सुटतो.

उपाय दोन. टाकीत आडव्या-उभ्या पट्ट्या, ज्यांना बॅफल म्हणतात. त्यांना खालच्या कोपऱ्यात छिद्रे ठेवायची, म्हणजे पेट्रोल हळूहळू सरकते, उसळत नाही. दुसरा, पंपाभोवती छोटी कुंडी, जिच्यात पेट्रोल येते पण चटकन बाहेर जात नाही. तळ पंपाकडे थोडा उतरता ठेवला तर आणखी बरे. हे सगळे मिळून शे-दीडशे ग्रॅमचे काम. त्याने दीड किलो जास्तीचे इंधन वाहण्याची गरज संपते.

इथे ॲल्युमिनियमचा आणखी एक फायदा दिसतो. बॅफल वेल्ड करून बसवता येतात. पंपाच्या फ्लँजसाठी जाड सपाट रिंग लावता येते. उद्या जागा बदलायची ठरली तर नवी टाकी दोन दिवसांत तयार होते. कार्बनमध्ये प्रत्येक बदलाला नवा साचा.

कार्बन फायबरमध्ये अडचण काय?

कार्बनचे कापड पेट्रोलला घाबरत नाही. अडचण आहे ती त्याला धरून ठेवणाऱ्या रेझिनची. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हाताने लावलेले, खोलीच्या तापमानाला सुकवलेले इपॉक्सी पूर्ण पक्के होतेच असे नाही. थरांत हवेचे बारीक बुडबुडे राहतात. पाणी भरून पाहिले तर गळत नाही, पेट्रोल मात्र त्या सूक्ष्म वाटांनी झिरपते.

त्यात आता इथेनॉलची भर. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. स्पर्धेत आयोजक देतील ते इंधन घ्यायचे असले तरी सरावाचे महिने नाशिकच्या पंपावरच्या पेट्रोलवरच निघतात. इथेनॉल अनेक रेझिनना मऊ करते. अमेरिकेत १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले, तेव्हा जुन्या बोटींच्या फायबर ग्लासच्या टाक्यांतील पॉलिएस्टर रेझिन विरघळून इंजिनात जाऊ लागले होते. काही मोटारसायकलींच्या नायलॉनच्या टाक्या फुगून आकार बदलल्याच्या तक्रारीही तिथे झाल्या.

इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि साध्या स्टीलला आतून गंज चढतो. कार्बन फायबरमध्ये ॲल्युमिनियमची फिटिंग थेट बसवली तर त्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते, कारण दोन्ही वीज वाहतात आणि त्यांची जणू छोटी बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियमलाही इथेनॉल पूर्ण निर्धोक नाही. पण हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, सुकवून ठेवली तर काही वर्षे काही होत नाही.

मग विमानात कार्बनमध्ये इंधन कसे भरतात? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर नाशिकपासून फार दूर नाही. ओझरच्या एचएएलमध्ये १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘तेजस’च्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. त्या विमानाचा पंख कार्बन कंपोझिटचा आहे आणि इंधन त्या पंखातच असते. पण त्यामागे ठरावीक तापमान-दाबाखाली भाजलेले थर, प्रत्येक सांध्यावर सीलंट आणि प्रत्येक भागाची तपासणी असते. विद्यार्थ्याकडे ब्रश आणि व्हॅक्यूम पंप असतो. पदार्थ तोच असला तरी प्रक्रिया तीच नसते, आणि कंपोझिटमध्ये ताकद प्रक्रियेतून येते.

फॉर्म्युला वनवाले काय करतात?

जगातल्या सर्वात महागड्या रेसिंग कारची टाकी कार्बनची नसते. ती केव्हलारच्या धाग्यांनी मजबूत केलेल्या रबराची पिशवी असते आणि ती कार्बनच्या मजबूत चासीच्या आत बसवलेली असते. आघात झाला तर पिशवी दबते, वाकते, पण फाटत नाही. जिथे वजनाच्या ग्रॅम-ग्रॅमसाठी कोट्यवधी खर्च होतात, तिथेही इंधनासाठी कडक, हलका डबा निवडलेला नाही.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये रोमां ग्रोजां याची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. तो २७ सेकंदांनी स्वतःच्या पायांनी बाहेर आला. नंतरच्या चौकशीत आढळले, की इंजिनाला इंधन पुरवणारी जोडणी टाकीच्या पिशवीपासून उखडली होती. म्हणजे इतक्या मजबूत टाकीतही घात झाला तो जोडाच्या ठिकाणी.

विद्यार्थ्यांच्या गाडीत वेग खूप कमी असतो, पण धडा तोच. टाकी पत्र्याच्या मधोमध फारशी फुटत नाही. ती फुटते वेल्डच्या कडेला, पंपाच्या फ्लँजला, होजच्या टोकाला, माउंटिंगच्या कानाला. त्यामुळे ‘पत्रा कोणता’ यापेक्षा ‘जोड कसा’ हा प्रश्न मोठा आहे.

नाशिकमध्ये चांगली टाकी कशी बनते?

पहिले, ग्रेड. दुकानात ‘ॲल्युमिनियमचा पत्रा द्या’ म्हटले की जो असेल तो मिळतो. टाकीसाठी ५०५२ हा ग्रेड योग्य. यात सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असते, तो तडा न जाता वाकतो आणि चांगला वेल्ड होतो. ६०६१ ताकदवान म्हणून अनेक जण तो मागतात. पण टी६ अवस्थेतला ६०६१ तीव्र वाकवला की बेंडवर चिरतो आणि वेल्डच्या आजूबाजूला त्याची ताकद जवळपास निम्मी होते. ज्या ताकदीसाठी पैसे दिले, ती वेल्डरच्या टॉर्चखालीच गेली. पत्रा घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागावे.

दुसरे, जाडी. १ मिमी पत्रा हलका, पण आर्गॉन वेल्डिंगमध्ये तो जळून भोक पडायला वेळ लागत नाही. १.५ मिमी हा व्यवहार्य किमान. वेल्डर नवखा असेल तर २ मिमी घ्यावा. तीनशे ग्रॅम जास्त जातील, झोप शांत लागेल.

तिसरे, वेल्ड कमी करणे. सहा तुकडे जोडण्याऐवजी पत्रा वाकवून दोन तुकड्यांत डबा बनवला तर सांधे बरेच कमी होतात. आर्गॉनचा चांगला वेल्डर अंबडमध्ये शोधून सापडतो. त्याला ‘घाई आहे’ म्हणून रात्री अकराला पत्रा देऊ नये. ॲल्युमिनियमवर तेलाचा हात लागला तरी वेल्डमध्ये बुडबुडे येतात.

चौथे, चाचणी. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडून टाकी तपासायची सवय जीवघेणी आहे. ०.२ बार हा अगदी किरकोळ दाब वाटतो. पण ३० बाय २० सेंमीच्या एका बाजूवर तो सुमारे १२० किलोचा जोर लावतो. रेग्युलेटर लावून एवढ्याच दाबाने, साबणाचे पाणी फिरवून सांधे पाहावेत. त्यानंतर पेट्रोल भरून टाकी उघड्यावर, एक रात्र कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावी. सकाळी पुठ्ठा सगळे सांगतो.

पाचवे आणि सर्वात महत्त्वाचे : एकदा पेट्रोल भरलेल्या टाकीला पुन्हा वेल्डिंग नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली तरी ठिणगीने स्फोट होतो. ‘रिकामी’ टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, ती याच कारणाने. धुतली, वाळवली, तरी सांध्यात थेंब राहतो. गळती दिसली तर ती टाकी भंगारात द्यावी आणि नवी बनवावी. पत्रा किलोभराचाही नाही. आयुष्य मात्र एकच आहे.

प्लास्टिक आणि स्टील बादच करायचे का?

नाही. आपल्या घरच्या बहुतेक नव्या गाड्यांत एचडीपीईची टाकी असते. ती गंजत नाही, आघाताने फुटत नाही, दबते. पण त्या टाकीत वाफ अडवणारे वेगळे थर असतात आणि तिचा साचा हजारो गाड्यांसाठी परवडतो, एका गाडीसाठी नाही. तयार मिळणारी छोटी, इंधनासाठीच बनवलेली प्लास्टिकची टाकी गाडीत बसत असेल तर विचार जरूर करावा. पाण्याचा कॅन मात्र कधीच नाही. स्टेनलेस स्टील अर्धा किलो जड, पण वेल्डला सोपे आणि चूक पोटात घालणारे. पहिल्यांदाच उतरणाऱ्या संघाने स्टेनलेसची टाकी बनवली, तर त्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आणि विद्यार्थ्यांनी प्रयोग करायचेच नाहीत का, हा आक्षेपही खरा आहे. कार्बन शिकायचे तर जरूर शिकावे. सीट, नाकाचा भाग, बॉडी पॅनेल, स्टिअरिंगचे चाक हे सगळे त्यासाठीच आहेत. तिथे चूक झाली तर गुण जातात. टाकीच करायची जिद्द असेल तर आत मान्यताप्राप्त इंधन-पिशवी आणि बाहेर कार्बनचा डबा, ही वाट नियमांत खुली आहे. मग कार्बनचे काम पेट्रोल धरण्याचे राहत नाही, पिशवीला आधार देण्याचे राहते. फॉर्म्युला वनचे गणित हेच.

कॉलेजांनी काय करावे?

मायको सर्कलच्या आसपास वाढलेल्या या शहराला अचूकपणा नवा नाही. सातपूरला डिझेल इंजेक्टर बनतात, ओझरला लढाऊ विमाने. या कारखान्यांतून निवृत्त झालेली, गळतीची चाचणी आयुष्यभर केलेली माणसे गंगापूर रोडला आणि सिडकोत राहतात. कॉलेजांनी स्पॉन्सरशिपच्या चेकइतक्याच आपुलकीने त्यांना वर्कशॉपमध्ये बोलवावे. टाकीला पेट्रोल लावण्याआधी चाचणीच्या कागदावर एका अनुभवी माणसाची सही हवी, एवढा एक नियम प्रत्येक कॉलेजने केला तरी पुरे.

आज संघाच्या बजेटमध्ये कार्बनच्या कापडासाठी रक्कम असते, सरावाच्या पेट्रोलसाठी नसते. हे उलटे व्हायला हवे. आधी गाडी चालवा, पेट्रोल मोजा, तेवढ्याच मापाची टाकी बनवा. परीक्षकाने ‘टाकी ॲल्युमिनियमचीच का?’ असे विचारले, तर त्याच्यापुढे मोजमापाची वही ठेवा. डिझाइनच्या फेरीत कार्बनच्या चमकेपेक्षा ती वही जास्त बोलते. आणि मागे बसलेल्या साडेचार लिटर पेट्रोलकडे पाठ करून गाडी चालवणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरच्यांनाही तीच वही दाखवता येते.